एकही रकाना रिकामा नाही

ज्या बेचाळीस घरांच्या उंबऱ्याला माझा पाय लागला नव्हता, त्या बेचाळीस घरांना हापशाचं पाणी मिळतं, असं मी सरकारला लिहून दिलं होतं. लिहिलं, खाली सही केली, सहीखाली तारीख घातली. अक्षर मात्र सुंदर होतं.

हे आज आठवायचं कारण परवा दारात आलेली मुलगी. चैत्र सरत आला की आमच्याकडं अकरा वाजताच रस्ता ओस पडतो. लिंबाचा मोहर गळून अंगणात पिवळा भुगा होतो, आणि वाऱ्याला तापलेल्या तव्याचा वास येतो. अशा वेळी डोक्याला ओढणी गुंडाळून, हातात पाटीएवढा टॅब घेऊन ती आली. सरकारी पाहणी म्हणाली. घरात मोबाइल किती, त्यातले स्मार्ट किती, इंटरनेट आहे का, गेल्या तीन महिन्यांत तुम्ही स्वतः वापरलं का, कशासाठी वापरलं.

मी जागचा उठलोच. "पुन्हा विचार," म्हणालो.

"काय काका?"

"ते शेवटचं. वापरलं का, ते."

तिनं पुन्हा विचारलं. मला एकदम भरून आलं. तिला वाटलं असणार, म्हाताऱ्याला इंटरनेटवर कुणीतरी फसवलंय. तिला काय सांगू? ज्या काळात मी असली पाहणी करत हिंडलो, त्या काळात आमच्या कागदावर वस्तू असायच्या आणि माणसं असायची. वस्तू माणसाच्या उपयोगी पडते की नाही, याला रकानाच नव्हता.

पाणी पिऊन ती उठली, शेजारी गेली, परत आली. "काका, शेजारी कुलूप आहे. तुम्हाला माहीत असेलच की. तुम्हीच सांगता का त्यांचं?"

आणि खरं सांगतो, मी तोंड उघडलं होतं. त्यांच्याकडं वायफाय आहे, दोन फोन आहेत, म्हातारीला साधा फोन आहे, सगळं मला पाठ आहे. पण त्यातलं एक अक्षरही सांगितलं नाही. "बाळ, संध्याकाळी ये. ते असतात तेव्हा ये," एवढंच म्हणालो. ती जरा नाराज झाली. बायको आतून म्हणाली, "सांगितलं असतं तर काय झालं असतं? पोरगी उन्हात दोनदा येणार आता."

काय झालं असतं, ते सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्लेल्या पोरांना मिसरूड फुटायला लागलं होतं, त्या सुमाराची गोष्ट. पाऊस दोन वर्षं पुन्हा तोंड चुकवत होता. मी चोवीस वर्षांचा, बी.ए. अर्थशास्त्र, आणि नोकरी हंगामी. हुद्दा मात्र मोठा होता: अन्वेषक. आमच्या गल्लीत हा शब्द कुणालाच कळेना. आईनं सगळ्यांना सांगून टाकलं की पोरगं सीआयडीत लागलंय. मीही ते काही दिवस चालू दिलं.

काम साधं होतं. भूमकडच्या बाजूची निवडलेली गावं घ्यायची, घरोघर जायचं आणि छापील कागद भरायचा. सायकल आहे का? रेडिओ? घड्याळ? शिलाई मशीन? पाण्यावर तेलाचं इंजिन आहे की विजेची मोटार? फवारणीचा पंप स्वतःचा की सोसायटीचा? पाण्याची सोय कोणती? घरात लिहिता-वाचता येणारं कोण? देश कुठवर पुढं गेला ते दिल्लीला कळायचं ते यातनं. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण नाहीतर फुली. कागद दोन, मध्ये कार्बन. एक प्रत लगेच वर जायची, दुसरी आपल्यापाशी राहून नंतर तालुक्याला जमा व्हायची. संध्याकाळी भाकरी खायला बसलं की जांभळी बोटं भाकरीवर उमटायची. ती शाई जेवणातूनही पोटात गेली असणार, म्हणून पुढं आयुष्यभर कारकुनी पचली.

माझ्या अकलेचा एक नमुना आधीच सांगून टाकतो. तेरखेड्याला फटाके करणाऱ्या घरात पाहणीला गेलो. समोर बाया वाती वळत होत्या, सुपात काळी भुकटी वाळत होती. मी ऐटीत मांडी घातली, कागद काढला आणि विडी पेटवायला काडी ओढली. घरमालकानं माझ्या हातावर असा फटका मारला की काडी, विडी आणि पेन तिन्ही अंगणात. मग शांतपणे म्हणाला, "विचारा आता, किती मानसं ऱ्हात्यात. तुमी आत्ता सगळी कमी केली असती." मी ही गोष्ट वर्षभर इतरांना दुसऱ्या अन्वेषकाच्या नावावर सांगितली.

घरोघर जाणं हे मात्र कागदावरचं काम. खरी पद्धत वेगळी होती, आणि ती मला पहिल्याच आठवड्यात जुन्या मंडळींनी शिकवली. गावात गेलं की वजनदार माणसाच्या ओट्यावर बसायचं. तो माणूस सगळं गाव बसल्या जागी सांगतो. आम्ही तिला ओट्यावरची पाहणी म्हणायचो. तिचे फायदे फार. सावली असते, चहा असतो, माणूस फिरत नाही म्हणून आकडाही फिरत नाही. घरोघर गेलं की उलट गोंधळ. रेडिओचंच घ्या. तेव्हा रेडिओला लायसन लागायचं आणि ते बहुतेकांनी काढलेलं नसायचं. सरकारी माणूस गावात शिरला की सगळे रेडिओ एकदम परागंदा व्हायचे. कुणाचा कणगीत, कुणाचा कडब्यात. एका घरी मी 'रेडिओ नाही' असं लिहीत होतो आणि गोठ्यातल्या कडब्याच्या गंजीतून बाजारभाव ऐकू येत होते. घरधनी माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. शेवटी तो म्हणाला, "शेजारचा असंल." शेजार अर्ध्या मैलावर होता. मी फुली मारली. सरकारच्या लेखी त्या गावात एकही रेडिओ नव्हता, आणि गावाला मात्र सरकारच्या सगळ्या बातम्या माहीत होत्या.

तर त्या गावात मी चेअरमनच्या ओट्यावर बसलो. गावाचं नाव सांगत नाही, मला ओळखणारी दोघं तिथं अजून जिवंत आहेत. चेअरमन म्हणजे सोसायटीचे चेअरमन. खत त्यांच्या सहीनं, फवारणीचा पंप त्यांच्या चिठ्ठीनं, दुधाच्या डेअरीचं मापही त्यांच्याच नजरेसमोर. माणूस गोड. "बसा हो सायेब, उनाचं कुठं फिरताव? इचारा, मी सांगतो." दोन दिवसांत सगळं गाव झालं. राहिली गावाबाहेर ओढ्यापलीकडची बौद्ध वस्ती. बेचाळीस घरं. मी उठायला लागलो.

"तिकडं काय बघायचंय?" चेअरमन म्हणाले. "सगळी येकसारखीच घरं हायती. ल्ह्या. रेडिओ न्हाय, घड्याळ न्हाय, मशीन न्हाय, सायकल येक-दोन धरा."

"पाण्याची सोय?"

"हापसा हाय की. मागल्या साली सरकारनंच घेतलाय."

चहाचा दुसरा कप आला. नावं-वयं चेअरमन सांगत गेले आणि मी बेचाळीस कागद ओळीनं भरले. चेअरमन खोटं बोलले नव्हते. हापसा होता. ओट्यावरून त्याचा हिरवा दांडासुद्धा दिसत होता. नंतर पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं की त्या दिवशी ऊन फार होतं. ऊन होतं हे खरं. पण त्याच उन्हात मी वेशीपर्यंत चालत जाऊन पानाच्या टपरीवर सुपारी खाऊन आलो होतो. माझं वस्तीत जाणं चेअरमननी टाळलं, आणि त्यांनी टाळलं म्हणून मला बरं वाटलं. कारण उन्हाचं काढलं.

माझे कागद वर गेले. महिन्याभरानं एक मोठे अधिकारी आले आणि सगळ्यांसमोर माझा गठ्ठा उचलून म्हणाले, "हे पाहा काम. एकही रकाना रिकामा नाही." मी घरी पेढे नेले. भूमच्या खव्याचे.

पुढं उन्हाळा चढला. ओढे वाळले, मग झरे, मग बोलणं. एसटीत माणसं बोलायची बंद झाली होती, एवढं आठवतं. तोंड उघडलं की ओल जाते, असं काहीसं. अशा एका दुपारी मी त्याच रस्त्यानं भूमला चाललो होतो. गाडीचं पाणी तापलं. बॉनेटमधून वाफ आली आणि ड्रायव्हरनं गाडी ओढ्याच्या पुलाजवळ लावली. "पाणी बघा रं कुठं मिळतंय का," तो म्हणाला. सगळे एकमेकांकडं बघू लागले.

आणि मी उठलो. "समोरच्या वस्तीत हापसा आहे," मी म्हणालो. ठामपणे. ड्रायव्हरच्या हातातला डबा घेतला आणि निघालो. भारत सरकारनं गोळा केलेल्या आकड्यावर विसंबून प्रत्यक्ष काही करायला निघालेला त्या तालुक्यातला पहिला माणूस मीच असेन.

हापशाजवळ कुणी नव्हतं. चबुतऱ्यावर पाणी सांडल्याचा एक डाग नव्हता. सिमेंट पांढरं पडलं होतं, त्यावर एक कुत्रं निवांत झोपलं होतं. हे बघूनच शहाणा माणूस परत फिरला असता. मी डबा लावला आणि दांडा मारायला लागलो. मोजायची सवय. शंभर झाले, दीडशे झाले. आतून नुसता हवेचा घरघराट, म्हाताऱ्याच्या छातीतून यावा तसा. दोनशेच्या पुढं तोटीतून तांबड्या गंजाची एक गुळणी आली, डब्यात पडली आणि तिथंच वाळायला लागली.

"दमलाव का?" मागून आवाज आला.

पन्नाशीची बाई. डोक्यावर चुंबळ, त्यावर घागर, काखेत कळशी. ओढ्याकडून वर येत होती. घागर अर्ध्याला कमी होती हे तिच्या चालीवरून कळत होतं. ओढ्याच्या वाळूत खड्डा करून वाटीनं पाणी भरायला सकाळपासून बसली होती.

"या हापशाला पाणी नाही?" मी विचारलं.

"लागलं तवा आठ रोज आलं. मंग खाली गेलं, परत आलंच न्हाय." तिनं घागर आणि कळशी खाली ठेवली. "मारा अजून. कुत्र्याला तेवढीच करमनूक."

"मग टँकर?"

"यायचा व्हता. यादीत नाव व्हतं आमचं. मंग काढलं. आमची पोरं कचेरीत गेली इचाराया. तिथला सायेब म्हनला, तुमच्यात हापसा हाय, बेचाळीस घरांला सोय हाय, कागुद बघा. लिवलेलंच हाय तसं." ती बोलता बोलता थांबली, वस्तीतल्या एका दाराकडं बघितलं. "माझी सून बाळंत झालीया. आज सातवा रोज. पोर हाय, आई हाय, धुनं हाय. घागरीत पुरतंय व्हय? तिला ताप चढलाय. म्या वड्यानं दोन मैल वर गेले तरी अर्धी घागर. कुन्या मुडद्यानं लिवलं आसंल हो ते?"

माझ्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत त्या गावाच्या कार्बनप्रती होत्या, त्याच दिवशी भूमला जमा करायच्या. मी गप्प डबा उचलून जाऊ शकलो असतो. तेवढी अक्कल मला नेहमी असते. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

"गयाबाई."

गठ्ठा काढला, चाळला, तिचं घर सापडलं. मला फक्त एकदा बघायचं होतं की मी काय लिहिलंय. तिनं ओला हात पदराला पुसला आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला.

आणि वाचायला लागली.

मोठ्यानं. बोट ठेवून, अडखळत, पण वाचत. "गयाबाई… वय पन्नास… नि-र-क्ष-र." तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "पोरानं शिकवलंय मला. फौजेत जायच्या आधी. त्याची पत्रं कोन वाचनार म्हनून." पुन्हा कागदाकडं. "रेडिओ, फुली. आवो, पोरानंच आनून दिलाय की रेडिओ. शिलाई मशीन, फुली." ती हसली, ते हसणं मला फटक्यापेक्षा लागलं. "चेअरमनच्या सुनंची चोळी कोन शिवतंय मंग? घड्याळ, फुली. हाय, बंद हाय, पन हाय. पान्याची सोय…"

तिथं ती थांबली. तिथं फुली नव्हती. त्या कागदावर बरोबरची एकच खूण होती, आणि ती तिथं होती.

पुढं किती तरी कागद भरले, पण त्या एका कागदानं जेवढं हादरवलं तेवढं कशानं नाही. चूक होते, एखादा रकाना चुकतो, हे समजू शकतो. इथं एका बाईचं सगळं घर मी उलटं लिहिलं होतं. जे होतं ते नाही, आणि जे नव्हतं तेवढंच आहे. आंधळ्यानं भरला असता तरी अंदाजानं दोन-चार बरोबर आले असते. मला डोळे होते, आणि ओट्यावरून तो हिरवा दांडा दिसत होता.

"सही कुनाची ही?"

"माझी."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कागदाची घडी केली आणि परत दिला. "आता काय करताव?" एवढंच.

एसटीला पाणी शेवटी चेअरमनच्या विहिरीतून मिळालं. ती विहीर एसटीला चालत होती. वस्तीला चालत नव्हती. हे मी डोळ्यांनी बघितलं, आणि गाडीत बसलो.

उस्मानाबादला आमच्या कार्यालयात माझे वरिष्ठ शेख साहेब होते. मेहंदी लावलेली दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मियाँ, आकडा वर गेला. आता तो तुझा राहिला नाही. तो बदलायचा तर एकच रस्ता. लिहून दे."

"काय?"

"की तू गेलाच नव्हतास."

हंगामी माणसानं असं लिहून देणं म्हणजे घरी जायचा अर्ज स्वतःच्या हातानं करणं. घरात कमावता मी एकटा, आणि बहिणीचं लग्न बोलण्यात होतं. मी कोपऱ्यात बसून पहिला मसुदा केला. त्यात उष्म्याचं वर्णन होतं, चांगलं दीड पान. शेख साहेबांनी वाचला. "शायरी अच्छी आहे. फाड." दुसऱ्यात चेअरमननं दिशाभूल केल्याचं लिहिलं. "त्यानं तुझे पाय बांधले होते का रे?" तोही फाडला. तिसरा एका ओळीचा झाला. 'सदर वस्तीत मी प्रत्यक्ष गेलो नव्हतो; तेथील सर्व नोंदी ऐकीव व चुकीच्या आहेत; हापशाला पाणी नाही.' सही केली. अक्षर त्या दिवशी वाकडं आलं.

शेख साहेबांनी तो कागद खिशात घातला आणि छत्री घेऊन स्वतः मोठ्या कचेरीत गेले. तिथं काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. परत आल्यावर तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "नोकरी आहे. पण सगळं सर्कल पुन्हा करायचं. पायी. आणि ओट्यावर बसलेला दिसलास तर मी स्वतः येऊन उठवीन."

ते काही दिवस मी नीट झोपलो नाही. झोप न लागण्याचं कारण पुण्य नव्हतं. ताप चढलेली ती बाळंतीण मी बघितली नव्हती, तिचा आवाजही ऐकला नव्हता, पण रोज सकाळी मी दिवस मोजायचो. आठवा. दहावा. बारावा. आयुष्यात मी एवढं नेमकं काही मोजलं नाही.

तेराव्या दिवशी मी नवे कोरे कागद घेऊन पायी त्या वस्तीत पोचलो, तेव्हा टँकर नुकताच आला होता. लांबूनच आवाज कळला. डबे, घागरी, हांडे, पोरांची रडारड, एकीचं दुसरीला "आगं माझी लाइन हाय ती." टँकरच्या पाइपमधून पाणी पडत होतं आणि मातीचा जो वास सुटला होता तो मी आजही सांगू शकत नाही, कोरड्या चुलीवर दूध उतू जावं तसा काहीसा. एक तरुण पोरगी दारात उभी होती, फिकट, कपाळाला फडकं बांधलेली, छातीशी एवढंसं गाठोडं. गाठोडं जोरात रडत होतं. मला तेवढं पुरलं.

आता माझा मूर्खपणा बघा. मला वाटलं, गयाबाई मला बघून काहीतरी म्हणेल. आभार नाही, पण निदान 'आलाव का' एवढं तरी. म्हणून मी रांगेच्या कडेला तिच्या मागं जाऊन उभा राहिलो, काखेत कागदाचा गठ्ठा, चेहऱ्यावर विनय. ती पुढं सरकली की मी सरकायचो. मागच्या बाईची घागर दोनदा माझ्या पोटरीला लागली. शेवटी गयाबाईनं वळून मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घागर न्हाय, कळशी न्हाय, अन् रांगंत कशापायी घुसलाव? सरका तिकडं. आज पानी आलंय. मोजायला उद्या या."